दहा वर्षं आणि एक फुली

ओबिहिरो, १८ एप्रिल

मामा,

मिळाली! मिळाली! मिळाली!

ऋतूची विचारपूस, वितळत्या बर्फाचं वर्णन, तुझ्या गुडघ्याची चौकशी, हे सगळं शेवटी लिहिते. जागा उरली तर. आधी हे ऐक. आज सकाळी साडेदहाला पोलीस ठाण्यातल्या चष्मेवाल्या साहेबांनी माझं परवान्याचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं आणि त्यात ‘रायफल’ अशी नोंद होती! दहा वर्षं, मामा! दहा वर्षं ती छऱ्यांची बंदूक सांभाळली, दर वर्षी तपासणीला नेली, एक खाडा नाही की एक तक्रार नाही, तेव्हा कुठे सरकारची खात्री पटली की ही बाई रायफल ठेवायच्या लायकीची आहे.

तरी शेवटच्या क्षणी सगळं बोंबलणार होतं. रिवाजाप्रमाणे पोलीस शेजाऱ्यांकडे चौकशीला गेले. कात्सुमाता काकूंना विचारलं, बाई भांडखोर आहे का? काकू म्हणाल्या, “छे हो, पण एकटीच हसत असते.” साहेबांनी ते लिहून घेतलं! मग मला बोलावून विचारलं, एकट्या का हसता? मी म्हटलं, मामाची पत्रं वाचते. तुझी दोन पत्रं दाखवायला लागली. साहेब वाचता वाचता इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग शिक्का बसला.

तर आता ठरल्याप्रमाणे. एक ऑक्टोबर, मोसमाचा पहिला दिवस, तुझी कामिनोसावाची दरी, तू डाव्या हाताला आणि मी उजव्या हाताला, दोघांकडे रायफल. हे तू मला मी चोवीस वर्षांची असताना कबूल केलंयस. आता मी चौतीस वर्षांची आहे आणि काहीही विसरलेली नाही.

आता खरा प्रश्न. रायफल ठरली, पण तिच्यावरच्या दुर्बिणीत दिसणारी ती खूण कुठली घ्यायची? दुकानदार तिला रेटिकल म्हणतो, तू फुली म्हणतोस. चार प्रकार खाली काढलेत. ही साधी फुली. ही बाहेर जाड आणि मध्यावर बारीक होणारी. या तिसरीत डावीकडून, उजवीकडून आणि खालून असे तीन जाड खांब आत येतात. आणि ही चौथी, जाळी! फुलीखाली रेघांची उतरंड, ठिपके, आकडे. गोळी लांब गेली की खाली पडते, म्हणून जितकं अंतर जास्त तितकी खालची रेघ हरणावर धरायची. मला जाळीच हवीय. दहा वर्षं थांबले, आता एका फुलीवर माझं भागणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता ओरडतोस आणि चित्रं काढता येत नाहीत.

तुझी (रायफलवाली) चिनात्सु

ता. क. गुडघा कसा आहे?

•

कामिनोसावा, २६ एप्रिल

चि. चिनात्सु,

ओढ्यावरचा बर्फ फुटला, अंगणात फुकिच्या रानभाजीचे कोंब वर आले, आणि तुझ्या मामीने त्यांचं लोणचंही घातलं. पत्राची सुरुवात अशी करतात. शिकून घे. रायफल मिळाली म्हणजे रीतभात सोडायचा परवाना मिळाला असं नाही.

आता रीत झाली, तर सांगतो. तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनिशी शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगून आलो.

जाळी अजिबात घ्यायची नाही. हरीण काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे, ही बाई चौथी रेघ मोजते आहे तोवर जरा चरून घेऊ म्हणून? पन्नास वर्षं मी एका फुलीवर काढली. पण तू म्हणतेस त्यातलंच घ्यायचं तर तीन खांबांची घे. आणि खांब जाड हवेत. दुकानात असतील त्यातले सगळ्यात जाड. माझं ऐक, बारीक रेघा म्हणजे नुसता डोळ्यांना ताप.

तुझ्या नादाने मीही नवी दुर्बीण मागवली आहे. माझ्या जुन्या दुर्बिणीतली फुली सैल झालीय, एकीच्या दोन दिसतात. आतला गोंद सुटला असणार. कुशिरोच्या हाबुकिच्या दुकानात सांगून ठेवलंय. एक ऑक्टोबरला दोघांच्या दुर्बिणी कोऱ्या करकरीत!

तुझा मामा, कुनिहेई

ता. क. गुडघा तुझ्यापेक्षा शहाणा आहे.

•

ओबिहिरो, २० मे

मामा,

बर्चला पालवी फुटली, शेतात बटाटे लावून झाले, आमच्या डेअरीतल्या गाईंना हिरवा चारा मिळाला आणि चीझचा रंग पिवळा झाला. झाली रीत? आता ऐक, माझी किती फजिती झाली.

तुझं न ऐकता मी जाळीच घेतली. रविवारी नेमबाजीच्या मैदानावर गेले. शंभर मीटरवर पाच गोळ्या चहाच्या बशीत मावतील अशा! मी तर तिथेच उड्या मारणार होते, पण नियमात बसत नाही. मग तीनशे मीटर. मोठ्या ऐटीत दुसरी खालची रेघ धरली, श्वास सोडला, चाप ओढला. गोळी पाटीच्या वरून थेट मागच्या मातीत! परत तेच. परत तेच. शेजारचे आजोबा पाचव्या गोळीला म्हणाले, “टेकडीने तुमचं काय बिघडवलंय?”

शेवटी त्यांनीच समजावलं. या दुर्बिणीत चित्र लहानमोठं होतं, पण रेघा आहेत तेवढ्याच राहतात. म्हणून खालच्या खुणा फक्त पूर्ण मोठ्या चित्रावर खऱ्या. मी चित्र निम्म्यावर ठेवलं होतं, म्हणजे रेघा दुप्पट खोटं बोलत होत्या! मामा, हरीण समोर आल्यावर हे माझ्या लक्षात राहील का? मी तर घराची किल्ली फ्रीजमध्ये विसरते.

आणि दुसरं. संध्याकाळी दुर्बीण रायफलवरून काढली आणि नुसती ती घेऊन गच्चीतून पलीकडच्या बर्चच्या झाडीत बघितलं. उजेड कमी झाला आणि जाळी गायब! फांद्या कुठल्या आणि रेघा कुठल्या, काही कळेना. कात्सुमाता काकूंनी मला बघितलं. मी हसत होते, अर्थातच एकटी.

तर जाळी परत केली. पण दुकानातले सगळ्यात जाड खांबही बघितले. मामा, खरं सांगू? लांबचं हरीण त्या खांबांमागे लपूनच बसेल. तू खरंच एवढ्या जाड रेघांतून बघतोस? तुझी नवी दुर्बीण कशी आहे ते सांग, मग मी ठरवते.

तुझी चिनात्सु

•

कामिनोसावा, २ जून

चि. चिनात्सु,

कोकिळा बोलायला लागली. बाकी ऋतूला आज काही म्हणायचं नाही, कारण माझं डोकं फिरलंय.

आजकाल माल कसला बनवतात कोण जाणे! हाबुकिकडून दुर्बीण आली, लावून बघतो तर फुली दुहेरी. नवी कोरी दुर्बीण! परत पाठवली. त्याने बदलून दुसरी पाठवली, सोबत माफीचं पत्र आणि गोड बीनच्या वड्यांचा डबा. दुसरीतही दुहेरी! परत पाठवली. तिसरी आली, आणखी मोठा डबा, आणखी लांब माफीपत्र. तिसरीसुद्धा दुहेरी! तीन दुर्बिणी, तीनही बिघडलेल्या. कारखान्यात कुणी दारू पिऊन फुल्या काढतंय. हाबुकि बिचारा भला माणूस, फोनवर नुसता “माफ करा, माफ करा” म्हणत होता. त्याच्या बापाच्या वेळी असलं कधी झालं नाही.

तू त्या बाहेर जाड, मध्ये बारीक वालीच्या नादी लागू नकोस. दुकानात ती मला दाखवली होती, मधलं बारीक तर दिसतच नाही. खांबच घे.

मामा

•

कामिनोसावा, ३ जून

चिनात्सु,

हे पत्र मामाच्या पाकिटात नाही, वेगळं टाकते आहे. त्याला सांगू नकोस.

बाई, दुर्बीण बिघडलेली नाही. गेले तीन महिने तो चहा कपाच्या शेजारी ओततोय. टेबल उतरतं आहे म्हणून त्याने एका पायाखाली पाचर ठोकली. आता टेबल खरंच उतरतं. परवा टपालाच्या गाड्या दोन का आल्या म्हणून विचारत होता. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की गोठ्यात जातो, आणि आमच्याकडे गुरं नाहीत.

हाबुकिच्या बायकोशी माझं बोलणं झालं. नवऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे. पण बापाच्या वेळच्या गिऱ्हाइकाला, शिकारी मंडळाच्या माजी म्होरक्याला, तोंडावर कसं सांगायचं की तुमचा डोळा गेलाय? म्हणून तो वड्या पाठवत राहिला. मीही आता वड्या खाऊन कंटाळले.

त्याला कोणी सांगू शकत असेल तर तूच. बंदुकीच्या बाबतीत तो फक्त तुझं ऐकतो, म्हणजे ऐकत नाही, पण ऐकल्यासारखं करतो.

मामी

•

ओबिहिरो, ९ जून

मामा,

आज ऋतू नाही, गुडघा नाही. एक काम सांगते, ते कर. मला प्रश्न विचारू नकोस.

खाली मी काळ्या शाईने एक फुली काढली आहे. पट्टीने, एकाच फटक्यात. कागद खिडकीत लाव. चार पावलं मागे ये. आधी उजवा डोळा झाक आणि डाव्याने बघ. मग डावा झाक आणि उजव्याने, नेम धरायच्या डोळ्याने बघ. किती रेघा दिसतात ते लिहून कळव.

आणि हे लक्षात ठेव. ही फुली कारखान्यात बनलेली नाही, कागदावर आहे. ती परत पाठवता येणार नाही.

मला राग आलाय आणि माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, दोन्ही एकदम.

चिनात्सु

•

कामिनोसावा, १६ जून

चिनात्सु,

तुझी फुली उजव्या डोळ्याने दुहेरी दिसते. पेन बदल.

१७ जून

काल हे पत्र पेटीत टाकायला गेलो आणि तसाच परत आलो.

फुली पट्टीनेच काढली आहेस, मला माहीत आहे. तुला फुल्या काढायला मीच शिकवलं, भुईवर काठीने, आठवतं? तुझ्या मामीने तुला सांगितलं हेही मला माहीत आहे. ती तीन दिवस माझ्याशी फार गोड बोलत होती.

मार्चपासून असं आहे. मी कुणाला बोललो नाही कारण जुलैत शिकारीच्या परवान्याची डोळ्यांची परीक्षा आहे. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदू, की झालं. परवाना गेला आणि एक ऑक्टोबरही गेला. तू दहा वर्षं थांबलीस. मीही दहा वर्षं थांबलो ना गं! तुझ्या रायफलची वाट बघत मी बहात्तर वर्षांचा होऊन बसलो. आता दारात येऊन माझाच डोळा आडवा यावा? मला फार भीती वाटली. अस्वल समोर आलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

उद्या कुशिरोला जातोय, डॉक्टरकडे. मामीने पिशवी भरूनच ठेवली होती, मार्चपासून.

मामा

•

कामिनोसावा, २८ ऑगस्ट

चि. चिनात्सु,

ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलांना सात पाकळ्या असतात! मला आजवर वाटायचं पिवळा धूर असतो. डोंगराच्या उतारावर एकेक झाड वेगळं दिसतं. तुझी मामी किती सुरकुतलीय ते मी तिला मोकळेपणाने सांगितलं. दोन दिवस जेवण थंड मिळालं.

मधल्या काळात मी काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. जुलैच्या परीक्षेला मी गेलो होतो, तुला न सांगता, शस्त्रक्रियेच्या आधीच. भिंतीवरच्या वर्तुळाची फट कोणत्या बाजूला आहे ते सांगायचं असतं. मला प्रत्येक वर्तुळाला दोन दोन फटी दिसल्या. मी दोन्ही सांगितल्या. परीक्षक पोरगी म्हणाली, “आजोबा, एकच सांगा.” मी म्हटलं, “मग बरोबर कुठली ते तू सांग.” नापास. फेरपरीक्षा आता पुढच्या वर्षी. म्हणजे यंदा माझ्याकडे परवाना नाही, आणि यंदा मी बंदुकीला हात लावू शकत नाही.

ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. वीस मिनिटं. वीस मिनिटांसाठी मी चार महिने टेबलाला पाचरी ठोकत बसलो.

पट्टी काढली आणि पहिला गेलो तो हाबुकिकडे, माफी मागायला. तो काउंटरच्या पलीकडून वाकून माफी मागतोय, मी अलीकडून वाकून मागतोय, दोघांची डोकी आपटली. मग म्हटलं, त्या तिन्ही दुर्बिणी आण, एकदा बघतो. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, “कुनिहेई-सान, तीन नव्हत्याच. एकच होती. दर वेळी तीच पुसून, नवा डबा जोडून पाठवायचो.” दुकानात उभ्या उभ्या इतका हसलो की टाके तुटतील म्हणून तो घाबरला.

आणि आता महत्त्वाचं. मी तिथे सगळ्या खुणा नव्या डोळ्याने बघितल्या. तुला सांगत होतो ते जाड खांब! देवा, ते खांब नाहीत, विजेचे खांब आहेत. शंभर मीटरवरचं हरीण त्यामागे सहकुटुंब लपेल. मी तुला एप्रिलपासून माझ्या मोतीबिंदूचा सल्ला देत होतो. माफ कर. मी नको म्हणत होतो तीच बरोबर, बाहेर जाड आणि मध्ये बारीक. अंधाऱ्या झाडीत बाहेरच्या जाड रेघा नजर मध्यावर आणून सोडतात आणि मध्यावर काही झाकलं जात नाही. तीच घे. माझ्या दरीत दीडशे मीटरच्या पुढे नेम धरायचा प्रसंग येतच नाही, तेव्हा खाली रेघा नकोत.

एक ऑक्टोबरला तू मंडळाच्या लोकांबरोबर जा. मी घरी मांस कापायच्या सुरीला धार लावून ठेवतो. एवढं लिहून थांबतो, नाहीतर कागद ओला होईल.

मामा

•

ओबिहिरो, १ सप्टेंबर

मामा,

काही घरी थांबायचं नाही! तुझ्याकडे परवाना नाही म्हणजे बंदूक नाही, पाय तर आहेत ना? केशरी जॅकेट घाल, केशरी टोपी घाल, गळ्यात ती जुनी दोन नळ्यांची दुर्बीण अडकव आणि माझ्या डाव्या हाताला येऊन बस. माझ्या रायफलला तू बोटही लावायचं नाहीस, पोलीस मला आणखी दहा वर्षं थांबवतील. पण कोणीतरी मला सांगायला हवं ना, की गोळी कुठे बसली? झटक्याने माझी दुर्बीण वर उडते, मला पुढचं काही दिसत नाही. ते तू बघायचं. तेवढं एकच काम. नवा डोळा आहे, वापर त्याला!

दुर्बीण घेतली. बाहेर जाड, मध्ये बारीक. खाली एकही रेघ नाही. गच्चीतून संध्याकाळी बर्चमध्ये बघितलं, फुली अशी ठसठशीत उभी होती की मी टाळ्या वाजवल्या. कात्सुमाता काकू आता माझ्या हसण्याला सरावल्यात, परवा त्याही हसल्या.

येतोस ना? येतोयसच.

चिनात्सु

•

ओबिहिरो, ४ ऑक्टोबर

मामा,

मांस मिळालं, सगळ्यांना वाटलं, पोलिसांच्या साहेबांनाही देणार होते पण ते लाच होईल असं म्हणाले. काकूंनी करी केली. मी अजून जमिनीवर आलेले नाही. कामावर चीझच्या साच्यात मीठ दोनदा घातलं.

पण तुझ्याशी भांडायचं आहे. आणि नंतर काळजीचं बोलायचं आहे.

तुझं काम एकच होतं! नर बाहेर आला, कुरणाच्या कडेला, एकशेवीस मीटर, आडवा उभा. तुला खुणेने विचारलं, तू मान हलवलीस. मी चाप ओढला. हरणाने उडी मारली आणि बुटक्या बांबूत गेलं. मी ओरडले, “लागली का? कुठे?” आणि तू म्हणालास, “दिसलं नाही.” दिसलं नाही! मग आपण दोन तास कमरेएवढ्या बांबूत रांगत फिरलो, आणि ते पडलं होतं उडी मारल्या जागेपासून चाळीस पावलांवर. गोळी बरोबर खांद्यामागे, फुलीचा मध्य होता तिथे.

तिथे मी हसले, तुला मिठी मारली. पण गाडीत परत येताना सगळं पुन्हा मोजून बघितलं. मामा, एवढं मोठं हरीण, स्वच्छ ऊन, एकशेवीस मीटर, आणि तुला दिसलं नाही? डोळा पुन्हा बिघडलाय का? खरं सांग. मामीला मी काही बोललेले नाही. मी सोमवारी सुट्टी टाकते, आपण दोघं कुशिरोला डॉक्टरांकडे जाऊ. या वेळी लपवू नकोस. मला पुढच्या वर्षी तू डाव्या हाताला हवायस, रायफल घेऊन.

चिनात्सु

•

कामिनोसावा, ७ ऑक्टोबर

चि. चिनात्सु,

सुट्टी टाकू नकोस. डोळा ठणठणीत आहे. काल डॉक्टरने वर्तुळं दाखवली, शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या फटी सांगितल्या, एकेकच. मामीने चहा तपासून घेतला, कपातच पडतो.

मी खोटं बोललो नाही. मला खरंच दिसलं नाही. पण त्याचं कारण सांगायला लाज वाटत होती, म्हणून बांबूत दोन तास मुकाट रांगलो. गुडघा अजून बोलतोय.

असं बघ. पन्नास वर्षं मी त्या दरीत उभा राहिलो आणि प्रत्येक वेळी माझा डोळा हरणावर होता. शेजारी कोण उभं आहे, त्याचं तोंड कसं होतं, मी एकदाही बघितलेलं नाही. हातात बंदूक असली की बघताच येत नाही. या वेळी माझे हात रिकामे होते. नर बाहेर आला, तू मला खुणेने विचारलंस, मी मान हलवली, दुर्बीण डोळ्याला लावायला उचललीही. आणि तुझ्याकडे लक्ष गेलं. टोपी वाकडी, नाकाला चिखल, ओठ असे घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. दहा वर्षं थांबलेलं माणूस हातभर अंतरावर बसलं होतं आणि त्याची वाट बघणं त्या क्षणी संपणार होतं. मी ते सोडून हरणाकडे कसा बघू?

तेव्हा गोळी कुठे बसली ते मला विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही. मी सगळा वेळ तुलाच बघत होतो. पुढच्या वर्षी माझ्याही हातात रायफल असेल, मग मी पहिल्यासारखा हरणाकडेच बघेन. यंदाचं तेवढं माफ कर.

मामा